तार आणि नुसती रेघ

संगणकावर सर्किट डिझाइन शिकणारा नवखा एकदा तरी फसतोच. दोन पिनांमध्ये रेघ ओढलेली दिसते, तरी ईआरसी, म्हणजे जोडण्यांतल्या चुका शोधणारी सॉफ्टवेअरची तपासणी, ओरडते की पिन मोकळी आहे. कारण त्यानं वायर, म्हणजे खरी जोडणी नाही, लाइन, म्हणजे नुसती रेघ काढलेली असते. दिसायला दोन्ही सारख्याच. हा भेद आला कुठून?

कागदावर तो नव्हता. ड्रॉइंग बोर्ड, ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगचं पेन आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेली स्टेन्सिल. तार त्याच पेनानं, पॉवर सप्लायभोवतीची तुटक चौकटही त्याच पेनानं. जुन्या टीव्हीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तर टेस्ट पॉइंटशेजारी, म्हणजे तपासायच्या जागेशेजारी, तिथे दिसायला हवा तो विजेचा तरंगच काढलेला असे. तपकीर गल्लीतून सुटे भाग नेणारा मेकॅनिक ऑसिलोस्कोपचा, म्हणजे तरंग दाखवणाऱ्या यंत्राचा, पडदा त्या चित्राशी ताडून पाही. चित्र शोभेचं नव्हतं, अर्धी दुरुस्ती त्यावरच होई.

1963 मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँडनं स्केचपॅड हा संगणकावर चित्र काढायचा प्रोग्रॅम केला आणि त्यावर विजेची सर्किटंही काढून पाहिली. त्याच्या प्रबंधातला निष्कर्ष रोखठोक आहे: चित्रातून चित्रापलीकडे काही मिळत असेल, तरच ते संगणकावर काढण्यात अर्थ. सर्किट काढायच्या पुढच्या सॉफ्टवेअरनं जणू हेच मनावर घेतलं. 1985 मध्ये अमेरिकेत ऑरकॅड आणि ऑस्ट्रेलियात प्रोटेल सुरू झालं, 1988 मध्ये जर्मनीतून ईगल आलं. त्यांच्या लेखी स्कीमॅटिकचं, म्हणजे सर्किटच्या आकृतीचं, खरं पीक म्हणजे नेटलिस्ट, कुठली पिन कुठल्या पिनेला जोडली त्याची यादी. जी रेघ नेटलिस्टमध्ये जात नाही, ती सावत्र ठरली.

ईगलनं तर गंमतच केली. तिथे ‘वायर’ ही आज्ञा मुळात साध्या रेघेसाठी होती, जोडणीसाठी ‘नेट’ ही वेगळी. पुढे कधीतरी वायरचं नाव बदलून ‘लाइन’ केलं, पण तोवर किती जण चकले असतील!

कायकॅड हे असंच आणखी एक सॉफ्टवेअर 1992 मध्ये ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शरास यांनी सुरू केलं. 2013 पासून सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेचा हातभार लागला, तरी स्कीमॅटिकवर चित्रकला करायची तर बराच काळ तुटक रेघा आणि चिकटवलेलं बिटमॅप (बाहेरून आणलेलं तयार चित्र) यांवरच भागवावं लागे. साधा चौकोन, वर्तुळ किंवा मजकुराची चौकट थेट शीटवर काढायची सोय आवृत्ती 7 मध्ये, म्हणजे 2023 साली आली. इतकी साधी गोष्ट, आणि एवढा उशीर.

बाहेरून आणलेल्या चित्राची भानगड निराळी. अल्टियम या सॉफ्टवेअरमध्ये चित्र फाइलीच्या आत न घालता (एम्बेड न करता) नुसतं बाहेरून जोडून ठेवता येतं. भोसरीतल्या एका ग्राहकाला मी अशी शीट पाठवली होती. माझ्या संगणकावर कनेक्टरचं चित्र छान दिसत होतं, त्याच्याकडे रिकामा चौकोन पोचला. कायकॅड चित्र फाइलीतच बेस-64 अक्षरांत, म्हणजे साध्या अक्षर-आकड्यांच्या लांबलचक ओळीत, कोंबतं, त्यामुळे ते हरवत नाही. पण गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बदल तपासायला बसलं, की एका रेझिस्टरची किंमत शोधताना अक्षरांचं जंगल तुडवावं लागतं. म्हणून तरंग असेल तर मी स्कोपचा फोटो चिकटवत नाही, त्या जुन्या मॅन्युअलसारखा रेघांनीच काढतो.