वॉर्निंग शिल्लक नको: लिनक्स कर्नलमधील एका नियमाची पार्श्वभूमी

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, मुख्य शाखेत पॅच (कोडमधील बदल) मर्ज होण्यापूर्वी त्यामुळे कंपायलरची, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची, एकही नवी वॉर्निंग (संशयास्पद कोडबद्दलची सूचना) येता कामा नये, ही अट आज नवख्यालाही पहिल्याच दिवशी सांगितली जाते. पॅच पाठवण्याआधी तपासायच्या बाबींची यादी कर्नलच्या दस्तऐवजांतच आहे. पॅचशी संबंधित कॉन्फिगरेशन पर्याय चालू असताना, मॉड्यूल (गरजेनुसार जोडता येणारा भाग) म्हणून निवडला असताना आणि बंद असताना, अशा तिन्ही स्थितींत बिल्ड (कोडपासून कर्नल तयार करण्याची क्रिया) वॉर्निंगशिवाय पार पडली पाहिजे, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. नियम वाचायला सोपा आहे. तो अंगवळणी पडायला मात्र तीस वर्षे लागली, आणि त्याचे कारण प्रोग्रामरांचा आळस हे नव्हते.

सी भाषा बेल लॅब्जमध्ये युनिक्सच्या सोबतीने वाढली. तिचा कंपायलर लहान आणि वेगवान असावा म्हणून काटेकोर तपासणीचे काम त्याच्यावर टाकलेले नव्हते. ते स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास लिहिलेल्या ‘लिंट’ या वेगळ्या प्रोग्रामकडे होते. पुढे जीसीसीसारख्या कंपायलरांनी ही तपासणी आपल्या पोटात घेतली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ०.०१ आवृत्तीच्या मेकफाइलमध्येही (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) वॉर्निंग दाखवायला सांगणारा ‘डब्ल्यू-ऑल’ हा पर्याय दिलेला दिसतो. म्हणजे वॉर्निंग दिसाव्यात ही इच्छा पहिल्या दिवसापासून होती. दिसलेल्या वॉर्निंगवर विश्वास किती ठेवायचा, हा खरा प्रश्न होता.

कारण कंपायलर चुकतो. एका अटीखाली व्हेरिएबलला किंमत दिली आणि दहा ओळींनंतर तीच अट पुन्हा तपासून ती किंमत वापरली, तर माणसाला त्यात काहीच वावगे दिसत नाही. कंपायलरला मात्र दोन्ही अटी एकच आहेत हे नेहमी उमगत नाही, आणि ‘व्हेरिएबल कदाचित रिकामेच वापरले जात आहे’ अशी तक्रार तो करतो. अशा तक्रारींना कंटाळून २००७ मध्ये कर्नलमध्ये ‘अनइनिशियलाइझ्ड व्हार’ नावाचा मॅक्रो (ठरावीक कोडसाठीचे लघुरूप) आला. तो करीत असे ते इतकेच: घोषणेच्या ओळीतच एक्स बरोबर एक्स असे लिहून व्हेरिएबलला त्याची स्वतःचीच किंमत देणे. या ओळीने मेमरीत काहीही सुधारत नाही, फक्त कंपायलरचे तोंड बंद होते. काही वर्षांनी दुसऱ्या कुणी मधली अट बदलली आणि व्हेरिएबल खरोखरच रिकामे वापरले जाऊ लागले, तरी कंपायलर गप्पच राहणार, कारण गप्प राहायला त्याला आपणच सांगितलेले असते. वॉर्निंग मिटवणे आणि वॉर्निंगचे कारण दूर करणे यांतला फरक याहून नेमका दाखवणारे उदाहरण मला तरी माहीत नाही. हा मॅक्रो २०२० मध्ये ५.९ आवृत्तीत काढून टाकण्यात आला. त्याच वर्षी, जीसीसी १० आल्यानंतर, टोरवाल्ड्स यांनी या प्रकारची वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमधून वगळली. हे दोन्ही निर्णय परस्परविरोधी वाटले तरी तसे नाहीत. खोट्या तक्रारींचा गोंगाट कमी झाल्याखेरीज ‘एकही वॉर्निंग नको’ असे कुणालाही ठामपणे सांगता येत नाही. २०११ मध्ये जीसीसी ४.६ ने नव्या तक्रारींची भर घातली, त्या सुमारास कर्नलच्या बिल्डमध्ये जादा वॉर्निंगसाठी वेगळ्या पायऱ्या ठरवण्यात आल्या, त्यामागेही हाच विचार होता.

खऱ्या वॉर्निंगच्या बाबतीत मात्र चिकाटीला पर्याय नव्हता. सी भाषेतील स्विचमध्ये, म्हणजे किमतीनुसार अनेक केसांपैकी एक निवडणाऱ्या रचनेत, एका केसच्या शेवटी ‘ब्रेक’ लिहायचे राहिले, तर अंमलबजावणी निमूटपणे पुढच्या केसमध्ये घसरते. कधी ते हेतुपुरस्सर असते, कधी निव्वळ विसर असतो, आणि कोड वाचून यांतले नेमके काय हे बऱ्याचदा कळत नाही. जीसीसी ७ ने २०१७ मध्ये यासाठी वॉर्निंग आणली. त्यानंतर कर्नल डेव्हलपर गुस्तावो सिल्वा यांनी कर्नलमधील अशी दोन हजारांहून अधिक ठिकाणे एकेक करून तपासली आणि हेतू असेल तिथे खूण केली, चूक असेल तिथे ब्रेक घातला. २०१९ मध्ये ५.३ आवृत्तीपासून ही वॉर्निंग कायमची चालू झाली. ही खूण आधी टिप्पणीच्या रूपात होती. पण जीसीसी टिप्पणी वाचतो आणि क्लँग हा दुसरा कंपायलर वाचत नाही, म्हणून पुढे त्यासाठी ‘फॉलथ्रू’ हा स्वतंत्र शब्दच ठरवावा लागला. असे काम बातम्यांत येत नाही, पण नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला त्याचा लाभ रोज होतो.

दरम्यान तपासणीची जागाही बदलत गेली. आपल्या ६४-बिट संगणकावर स्वच्छ बिल्ड होणारा कोड ३२-बिट आर्म प्रोसेसरवर आकारमान छापणाऱ्या एखाद्या साध्या ओळीपाशीच अडू शकतो, कारण तिथे त्या प्रकाराची रुंदी वेगळी असते. प्रत्येक योगदात्याकडे सगळी आर्किटेक्चर्स (प्रोसेसरांचे प्रकार) असणे शक्यच नाही. म्हणून २००८ पासून ‘लिनक्स-नेक्स्ट’ या वृक्षात (कोडच्या वेगळ्या साठ्यात) सर्व मेंटेनरांच्या, म्हणजे कर्नलचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांच्या, शाखा मर्ज होण्याआधीच एकत्र बांधून पाहिल्या जाऊ लागल्या. पुढे इंटेलच्या ‘झीरो-डे’ रोबोने नाना कॉन्फिगरेशनांवर बिल्ड करून चूक थेट पॅच लिहिणाऱ्याला कळवण्यास सुरुवात केली.

सप्टेंबर २०२१ मध्ये, ५.१५ ची तयारी चालू असताना, टोरवाल्ड्स यांनी प्रत्येक वॉर्निंगला बिल्ड थांबवणारी एरर ठरवणारा पर्याय सर्वच बिल्डसाठी चालू केला. ठिकठिकाणच्या वेगवेगळ्या कंपायलरांवर बिल्ड कोसळू लागल्या आणि काही दिवसांतच तो केवळ चाचणीसाठीच्या बिल्डपुरता आपोआप चालू राहील, असा बदल करावा लागला. माझ्या मते ही माघार योग्यच होती. कंपायलरची पुढची आवृत्ती कशाला नावे ठेवील हे आज पॅच लिहिणाऱ्याच्या हातात नसते.

याचा प्रत्यय एप्रिल २०२५ मध्ये आला. एसीपीआय तक्त्यांची (फर्मवेअर ज्यांतून हार्डवेअरची माहिती देते त्या तक्त्यांची) चार अक्षरी नावे चारच बाइटांत, मजकुराचा शेवट दाखवणाऱ्या शून्याला जागा न ठेवता साठवलेली असतात, आणि जीसीसी १५ ने नेमक्या त्यावर वॉर्निंग देण्यास सुरुवात केली. त्यावरील दुरुस्त्या लिनक्स-नेक्स्टमध्ये तयार होत्या. पण टोरवाल्ड्स यांनी आपला संगणक अद्ययावत केल्यावर ६.१५ च्या तिसऱ्या चाचणी आवृत्तीच्या तोंडावर स्वतःचे बदल थेट मुख्य शाखेत घातले, आणि जुन्या कंपायलरवरील बिल्ड त्या बदलांमुळे मोडल्या. अखेर ती वॉर्निंगच तूर्तास बंद ठेवण्यात आली.