हापूसची पेटी घरी नेताना

गगनबावड्याचा घाट चढून देवगडची गाडी आली की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "आज खायला येईल असा द्या." डझनभर हवा असेल तर देतोच. पण पेटी न्यायची तर हिरवी न्या, हा आमचा आग्रह आहे. तयार आंबा दहा जणांनी दाबून बघितलेला असतो. हिरवा तुमच्या घरात, तुमच्या नजरेखाली पिकतो.

हिरवा निवडताना देठाकडे बघा. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर आलेले आणि देठाशी खळगा पडलेला असेल तर फळ भरलं आहे. बागायतदार याला 'चौदा आणे तयार' म्हणतात. खांदे उतरते असतील तर आंबा कोवळा. तो पिकायच्या आधी सुरकुततो आणि चवीला आंबटच राहतो. उलट झाडावर फार दिवस राहिलेल्या फळात साका निघायची भीती जास्त. साका म्हणजे कोयीजवळचा पांढरट, भुसभुशीत, बेचव गर. बाहेरून तो ओळखू येत नाही. "आमच्या पेटीत साका निघतच नाही" असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा. आमच्या पेटीत निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, आंबा बदलून देऊ.

मार्केटमध्ये कर्नाटकचा हापूसही येतो. तो वाईट नसतो, फक्त देवगडच्या भावात घेऊ नका. 'हापूस' नावाचं भौगोलिक मानांकन २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांना मिळालं: सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर. आंबा कुठल्या गावचा, हे आम्हाला विचारा. विचारलेलं आवडतं.

अढी घालणं

घरी नेल्यावर पेटी तशीच बंद ठेवू नका. खोलीच्या वारा खेळत्या कोपऱ्यात गोणपाट अंथरा, त्यावर भाताचा पेंढा, वर आंबे एका थरात, देठ खाली करून. पेंढा नसेल तर वर्तमानपत्र चालेल. रोज एकदा हात फिरवा आणि काळा डाग पडलेला आंबा लगेच बाजूला काढा. वळीव झाला की हवा दमट होते आणि देठाकडून सडणं एका दिवसात शेजारच्या फळाला लागतं. त्या दिवसांत पंखा लावून ठेवा. साधारण आठ-दहा दिवसांत घर घमघमतं, मे महिन्यात त्याहून लवकर. रंग केशरी झाला म्हणून कापायची घाई नको. देठाजवळ वास घ्या, अंगठ्याखाली किंचित दबला की झाला.

कार्बाइडने पिकवलेला आंबा आम्ही ठेवत नाही. त्यावर कायद्याने बंदीच आहे. ठरलेल्या मर्यादेत इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे, पण पेटी घरी पिकवणाऱ्याला त्याचीही गरज नाही.

हिरवा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका, हे मात्र हात जोडून सांगतो. थंडीने त्याचं पिकणंच बिघडतं. साल काळवंडते, वास येत नाही. पूर्ण पिकलेला दोन-तीन दिवस ठेवला तर चालेल, खायच्या तासभर आधी बाहेर काढा. सालीवर बारीक सुरकुती आलेला आंबा परत आणू नका. देवगडच्या पातळ सालीला ती येतेच आणि तो बहुधा पेटीतला सगळ्यात गोड निघतो.

खायच्या आधी अर्धा तास पाण्यात घाला, देठाचा चीक धुतला जातो. हापूस फोडी करूनच खावा, असं आमचं मत. रस काढायचाच असेल तर मिक्सरला न लावता हाताने पिळा. चिमूटभर मीठ, ताटात वाढल्यावर वरून तूप आणि मिरपूड. गंगावेशीतलं म्हशीचं दूध घालणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही, पण घोटभरच घाला. घरात माणसं जास्त आणि रोज पातेलंभर रस लागत असेल, तर पायरी मागा. खिशालाही बरी आणि रसालाही.