अ‍ॅडिनोव्हायरस आणि उपजत प्रतिकारशक्ती

अ‍ॅडिनोव्हायरस हा नाक, घसा, डोळे आणि फुप्फुसांना बाधणारा डीएनए विषाणू आहे. १९५३ साली तो मुलांच्या काढलेल्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथींत सापडला. नाव त्यावरूनच पडले. सुमारे ९० नॅनोमीटरच्या या कणाला चरबीचे वेष्टन नसते. म्हणून सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. हात साबणाने चोळून धुवावे लागतात.

शरीराची पहिली आडकाठी म्हणजे शेंबूड आणि तो बाहेर लोटणारी श्वासनलिकेतील सूक्ष्म लव. विदर्भातल्या खेड्यांत पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांवर पेटणाऱ्या चुलीचा धूर नेमका या लवेला मंदावतो. पुढे न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींतली डिफेन्सिन प्रथिने विषाणूच्या कवचाला चिकटतात आणि ते उघडू देत नाहीत.

तरीही डीएनए आत पोचलाच, तर भलत्या जागी सापडलेला डीएनए पेशीतील सीजीएएस-स्टिंग यंत्रणा ओळखते, प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक या पहारेकरी पेशींत तेच काम टीएलआर-९ हे प्रथिन करते. त्यातून इंटरफेरॉन हे इशारा देणारे प्रथिन सुटते, शेजारच्या पेशी सावध होतात. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी आयएल-१ आणि आयएल-६ हे संदेशवाहक रेणू सोडतात, ताप त्यामुळेच चढतो. आयएल-८ न्यूट्रोफिलना बोलावते.

विषाणूही कच्चा नाही. त्याचे ई१ए प्रथिन इंटरफेरॉनचा संदेश दाबते. त्याचे व्हीए आरएनए पीकेआर या पेशीच्या बचाव-प्रथिनाला निकामी करते, नाहीतर प्रथिनांची निर्मितीच थांबली असती. ई३-१९के हे त्याचे आणखी एक प्रथिन पेशीची एमएचसी-१ ही ओळखखूण आत अडवून ठेवते. खूण नसली की बाधित पेशी मारणाऱ्या एनके पेशींना संशय येतो, म्हणून हेच प्रथिन त्यांना चेतवणारे मायका-मायकबी रेणूही लपवते. ही चलाखी विलक्षणच म्हणायची.

या लढाईची फसवी बाजू रक्ततपासणीत दिसते. पांढऱ्या पेशी आणि सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन इतके वाढतात की आजार जिवाणूंचा वाटतो आणि लेकराला विनाकारण अँटिबायोटिक सुरू होते. नक्की निदान घशाच्या किंवा नाकाच्या स्वॅबच्या पीसीआरने होते. ही सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा नसते. तापाला पॅरासिटामॉल वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, किमान ६ तासांच्या अंतराने. न्यूट्रोफिलचा मारा अति झाला तर बारीक श्वासनलिकांना कायमचे व्रण पडू शकतात, विशेषतः या विषाणूच्या प्रकार ३, ७ आणि २१ च्या गंभीर न्यूमोनियानंतर. म्हणून आशाताईंनी लेकरू शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजावा: २ महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, तर लगेच दवाखान्यात.