शून्याकडे जाणाऱ्या वाटा

रेषेवरच्या बिंदूकडे यायला दोनच बाजू: डावी आणि उजवी. म्हणून एका चलाच्या फलनाचं सांतत्य, म्हणजे बिंदूपाशी येताना किंमत अचानक उडी मारत नाही ना हे, तपासणं तसं सोपं. दोन चल आले की बिंदू प्रतलावर जातो आणि तिथे त्याच्याकडे कुठूनही, हवे तेवढे वळसे घेत येता येतं. घोळ इथेच सुरू होतो.

फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात लिहिलं, की फलन प्रत्येक चलात वेगवेगळं संतत असेल तर दोन्ही मिळूनही ते संततच असतं. एवढा मोठा माणूस, पण इथे चुकला. उदाहरण शाळकरी आहे: क्ष आणि य यांचा गुणाकार भागिले त्यांच्या वर्गांची बेरीज. (आरंभबिंदूपाशी छेद शून्य होतो, म्हणून तिथली किंमत ० ठरवून टाकू.) दोन्ही अक्षांवरून चालत आलात तर वाटभर ०. आता क्ष = य या तिरक्या वाटेने या. (१, १) ला उंची, म्हणजे फलनाची किंमत, १/२, (०.१, ०.१) ला १/२, (०.००१, ०.००१) लाही १/२. आरंभबिंदूवर पाय पडला की धप्पकन ०.

मग सगळ्या सरळ रेषा तपासल्या की झालं? इटालियन गणिती पेआनो यांनी १८८४ मध्ये तीही पळवाट बंद केली. अंशात क्ष गुणिले यचा वर्ग, छेदात क्षचा वर्ग अधिक यचा चौथा घात. कोणत्याही सरळ रेषेने या, उंची निमूटपणे ० कडे उतरते. पण वाट अन्वस्ताची धरा, क्ष म्हणजे यचा वर्ग: य = ०.१, क्ष = ०.०१. अंश ०.०००१, छेद ०.०००२. पुन्हा १/२! मला हे फलन पहिल्यापेक्षा जास्त खोडकर वाटतं.

गंमत म्हणजे या दोन्ही फलनांचे आंशिक विकलज आरंभबिंदूपाशी आहेत, सगळे ०. आंशिक विकलज फक्त अक्षाच्या दिशेचा चढ सांगतो. मधल्या रानात काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. विकलनीयतेसाठी पृष्ठभागाला स्पर्शप्रतल, म्हणजे त्या बिंदूपाशी टेकणारं सपाट प्रतल, लागतं, आणि बिंदूपासूनच्या अंतराच्या मानानेही त्या दोघांतली फट नगण्य व्हावी लागते. आंशिक विकलज आसपास सर्वत्र असतील आणि त्या बिंदूपाशी स्वतः संतत असतील, तर हे नक्की जमतं.

फलनाच्या नुसत्या सांतत्याने मात्र भागत नाही. क्ष × य याचं चिन्ह सोडून वर्गमूळ घ्या. फलन संतत, अक्षांवर ०, म्हणजे स्पर्शप्रतल असलंच तर ते सपाट जमीनच असणार. क्ष = य या वाटेवर पाहा: क्ष ०.०१ असताना उंची ०.०१, क्ष ०.००१ असताना ०.००१. कितीही जवळ गेलात तरी चढ तेवढाच, आणि पलीकडच्या बाजूलाही तसाच. म्हणजे स्पर्शप्रतल नाहीच.