कौटुंबिक विंटेज मोटार (पुणे)

घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, चालू ठेवलेली आणि रॅलीत किंवा प्रदर्शनात उतरवली जाणारी खासगी मोटार. पुण्यातल्या अशा घरगाड्यांत मॉरिस मायनर आणि अँबॅसिडरइतकीच फियाट ११०० ओळखीची. पुढची दारे उलटी उघडणारी १९५०च्या दशकातली ‘डुक्कर फियाट’, १९६४पासूनची ११०० डिलाइट आणि १९७४पासून तिचेच नाव बदलून आलेली प्रीमियर पद्मिनी हे तिचे अवतार.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी ‘विंटेज’ ठरते. रॅलीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत मात्र विंटेज म्हणजे १९१९ ते १९३०. म्हणून १९६६ची डिलाइट आरटीओत विंटेज, मैदानात क्लासिक. नंबरात ‘व्हीए’ अक्षरे असलेल्या विंटेज मालिकेची नवी नोंदणी २०,००० रुपयांत १० वर्षांसाठी होते, पुढची ५,००० रुपयांत. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. विंटेज नोंदणी झाली, की मग गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढीच मुभा. दर रविवारी मिसळ खायला गाडी नेणाऱ्याने आधी याचा विचार करावा.

कागदांत घोळ असतो तो बहुधा वारसाचा: आरसी अजून आजोबांच्याच नावावर. नियम असा, की मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून नाव बदलायचे. उशीर जितका, तितक्या वारसांच्या सह्या वाढतात.

गाडी बिघडते ती वापराने कमी, उभी राहून जास्त. पोर्चमध्ये पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवणे उलट घातक: इंजिन पुरते तापत नाही, धुरातले पाणी सायलेन्सरात साचते आणि पत्रा आतून सडतो. पंधरवड्यातून ८-१० किलोमीटर फिरवावी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, चाकातला ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर गंजून अडकतो, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. पावसाळ्यात प्लॅस्टिकचे कव्हर घालू नये. आत घाम धरतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि इंधनपंपाचा पडदा फुगतो, टाकीचा गंज सुटून कार्बुरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रात, अडकतो. इथेनॉल सोसणारे पाइप आणि पंपाआधी पारदर्शक फिल्टर हा स्वस्त इलाज.

एप्रिलच्या उन्हात मिरवणुकीच्या चालीने जाणारी फियाट मध्येच बंद पडते, तेव्हा सगळे कार्बुरेटर उघडायला धावतात. दोष बहुतेकदा तिथे नसतो. पंखा आणि पाण्याचा पंप पट्ट्यावर, इंजिनाच्याच गतीने फिरतात; गती मंद झाली की बोनेटखाली उष्णता कोंडते आणि पेट्रोलची पाइपातच वाफ होते. बोनेट उघडून इंधनपंपावर ओले फडके ठेवावे, १५ मिनिटे थांबावे. फडके वायरिंगपासून दूर असावे.

प्रदर्शनातले परीक्षक आधी अस्सलपणा पाहतात, चकाकी नंतर. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवर फिरवले की पत्रा कुठे आणि नुसती लांबी (पुट्टी) कुठे भरली आहे ते कळते. मूळ रंगाऐवजी मेटॅलिक, ५.२०-१४ मापाच्या क्रॉसप्लाय टायरऐवजी रुंद रेडियल, मूळ कापडी बैठकीवर रेक्झिन, यांनी गुण जातात. जुन्या बाजारात मिळालेली दिव्याची अस्सल, किंचित पिवळसर काच नव्या नकलेपेक्षा सरस. दसऱ्याच्या हाराची तार बंपरच्या क्रोमवर ओरखडे पाडते. हार सुतळीत ओवून घ्यावा आणि कुंकू रंगावर न लावता काचेवर लावावे.