पत्ता ओळखता आला तर लिहायचा कशाला?

प्रोग्राम चालताना प्रोसेसर कोणत्या सूचनेवरून कोणत्या सूचनेवर गेला, याची क्रमवार नोंद म्हणजे ट्रेस. त्यात प्रत्येक सूचनेचा मेमरीतला पत्ता असतो, आणि सूचना डेटाला हात लावत असेल तर त्या डेटाचाही. ६४ बिटांचा एक पत्ता ८ बाइट खातो. म्हणजे १ अब्ज सूचनांच्या नुसत्या पत्त्यांना ८ जीबी, आणि आजचा प्रोसेसर एवढ्या सूचना सेकंदाभरात सहज उरकतो.

म्हणून ट्रेस लहान करून ठेवावा लागतो. फोटो लहान करताना थोडे बारकावे गेले तरी चालतात. इथे मात्र बग शोधायला बसलं की गाळलेला पत्ताच नेमका हवा असतो!

मग फाइल दाबून लहान करणारं जीझिप सरळ का नाही वापरायचं? वापरतात, पण त्याने फारसं भागत नाही. ते मागचे ३२ केबी पाहून तोच मजकूर पुन्हा आलाय का हे शोधतं. ३२ केबीत मावतात जेमतेम ४ हजार पत्ते. शिवाय ॲरे, म्हणजे मेमरीत ओळीने ठेवलेली मूल्यं, एकामागून एक वाचणारी लूप १०००, १००८, १०१६ असे पत्ते देत जाते. यातला एकही पुन्हा येत नाही, पुन्हा येतो तो ८चा फरक.

खरी गंमत पुढचा पत्ता कोणता येईल याच्या अंदाजात आहे. संशोधक मार्टिन बर्चर यांच्या व्हीपीसी३ या २००४ सालच्या पद्धतीत असे अंदाज बांधणारे अनेक छोटे भाग असतात. कुणी मागचा फरक पुढे चालवतो, कुणी 'या पत्त्यांमागून गेल्या वेळी काय आलं होतं' हे लक्षात ठेवतो. अंदाज बरोबर निघाला तर पत्ता लिहायचाच नाही, कुणाचा अंदाज जुळला तेवढा क्रमांक लिहायचा. उलगडणारा प्रोग्राम तेच अंदाज त्याच क्रमाने बांधतो, त्यामुळे मूळ पत्ता जसाच्या तसा परत मिळतो. मागे उरते त्याच त्या क्रमांकांची लांबलचक रांग, आणि ती जीझिपसारख्या साधनाला आयतीच सापडते.

इंटेलच्या प्रोसेसरमधल्या 'प्रोसेसर ट्रेस' या सोयीने तर सूचनांचे बहुतेक पत्ते लिहिणंच सोडलं. अटीवर अवलंबून असलेली उडी, म्हणजे लगतची सूचना सोडून दुसरीकडे जाणं, घेतली की नाही, एवढंच एका बिटात. बाकीची वाट मूळ प्रोग्रामची फाइल वाचून काढता येते. उडी कुठे जाणार हे चालतानाच ठरत असेल, तेव्हाच पत्ता नोंदवावा लागतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टसारखा कोड मात्र चालता चालताच तयार होतो. तिथे वाचायला फाइलच नसते, म्हणून ट्रेससोबत तो कोडही जपून ठेवावा लागतो.