एका सुवर्णाला किती कांस्यं?

पॅरिस ऑलिंपिकच्या (२०२४) पदकतालिकेत सगळ्यांच्या नजरा वर अमेरिका आणि चीनवर होत्या. खरी गंमत मात्र सहाव्या-सातव्या ओळीत होती. सहावं नेदरलँड्स: १५ सुवर्ण, ७ रौप्य, १२ कांस्य. सातवं ब्रिटन: १४ सुवर्ण, २२ रौप्य, २९ कांस्य. एकूण पदकं मोजली तर नेदरलँड्सची ३४ आणि ब्रिटनची ६५. जवळजवळ दुप्पट पदकं असूनही ब्रिटन खाली, कारण एक सुवर्ण कमी पडलं.

तालिका लावायची रूढ पद्धत शब्दकोशासारखी आहे. पहिल्या अक्षरावर निकाल लागला की पुढची अक्षरं कुणी बघत नाही. आधी सुवर्ण बघायचं, तिथे बरोबरी झाली तर रौप्य, तिथेही झाली तर कांस्य. आता याच क्रमाला वजनांच्या भाषेत मांडून बघा. ब्रिटनकडे नेदरलँड्सपेक्षा १५ रौप्य आणि १७ कांस्य जास्त आहेत. रौप्य म्हणजे दोन कांस्यं असं धरलं, तर हा जादा ऐवज झाला ४७ कांस्यांचा. म्हणजे नेदरलँड्सला वर ठेवायचं तर एक सुवर्ण ४७ कांस्यांपेक्षा भारी मानावं लागतं. आणि फरक ४७ऐवजी ४७०चा असता तरी तालिकेने तेच केलं असतं. या पद्धतीत सुवर्णाच्या वजनाला वरची मर्यादाच नाही.

अमेरिकेतली वर्तमानपत्रं दुसऱ्या टोकाला. ती एकूण पदकांवर क्रम लावतात, म्हणजे तिन्ही पदकांचं वजन सारखं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये या दोन पद्धतींनी दोन वेगळे विजेते दिले. चीनची सुवर्णं तेव्हा ५१ (उत्तेजक चाचणीच्या फेरतपासणीत तीन महिला वेटलिफ्टरांची गेल्यावर ४८) आणि अमेरिकेची ३६. एकूण पदकांत मात्र अमेरिका पुढे. दोन्ही देशांतल्या वाचकांना आपणच पहिले असल्याचं समाधान मिळालं, आणि बेरजेत कुणीच चुकलं नव्हतं. बाकी ऑलिंपिक सनदेप्रमाणे या स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. ते कलम कुणी मनावर घेत नाही, हा भाग वेगळा.

मधला मार्ग म्हणून सुवर्णाला ३, रौप्याला २ आणि कांस्याला १ गुण देता येतात. त्या हिशेबात ब्रिटन ११५ आणि नेदरलँड्स ७१. पण ३-२-१च का, ५-३-१ का नाही, याला गणिताकडे उत्तर नाही. गणित एवढंच सांगू शकतं, की कोणती तुलना वजनांवर अवलंबून आहे आणि कोणती नाही. मला हा प्रश्न क्रमांकापेक्षा जास्त कामाचा वाटतो. पॅरिसला अमेरिका आणि चीन यांची सुवर्णं सारखीच, ४०. रौप्य ४४ विरुद्ध २७, कांस्य ४२ विरुद्ध २४. इथे वजनं कशीही घ्या, अमेरिका पुढेच राहते. ब्रिटन-नेदरलँड्सचं तसं नाही. भारत-पाकिस्तानचंही नाही: भालाफेकीत अर्शद नदीमने ९२.९७ मीटर फेक केली, नीरज चोप्रा ८९.४५ वर थांबला आणि त्या एका सुवर्णावर पाकिस्तान ६२व्या क्रमांकावर गेला. एक रौप्य आणि पाच कांस्य घेऊन भारत ७१वा. ३-२-१ ने मोजलं तर भारत ७, पाकिस्तान ३. यात खरं काय, असं विचारण्यात अर्थ नाही.

दर ऑलिंपिकला आपल्याकडे आणखी एक हिशेब फिरतो: लोकसंख्येने भागा. तो न्याय्य वाटतो, पण सगळ्यात फसवा तोच. टोकियोत सॅन मारिनो या सुमारे ३४ हजार वस्तीच्या देशाने पाच खेळाडू पाठवले आणि तीन पदकं नेली. दर अकरा-साडेअकरा हजार माणसांमागे एक पदक. भारताचं पॅरिसमधलं प्रमाण साधारण २४ कोटींमागे एक. सॅन मारिनो त्या यादीत अव्वल. तीन वर्षांनी पॅरिसला त्यांची पदकं शून्य. हा देश १९६० पासून ऑलिंपिकला येतोय आणि टोकियोआधी त्याला एकही पदक मिळालं नव्हतं. क्रीडाव्यवस्था तीन वर्षांत उभी राहून कोसळली, असं काही झालेलं नाही. भाजक इतका लहान असला की एका नेमबाजाचा एक चांगला दिवस देशाला यादीच्या माथ्यावर नेतो आणि तो दिवस नसला की तळाला. म्हणून दरडोई यादीच्या वरच्या टोकालाही छोटे देश दिसतात आणि शून्यवाल्यांच्या घोळक्यातही. तिथे कौशल्यापेक्षा योगायोगच जास्त मोजला जातो.

मोठ्या देशांच्या बाबतीत भागाकार वेगळ्या कारणाने बिघडतो. लोकसंख्या दुप्पट तर पदकं दुप्पट, हे त्यात गृहीत आहे. प्रत्यक्षात अ‍ॅथलेटिक्सच्या एका वैयक्तिक प्रकारात देशाचे फार तर तीन खेळाडू उतरतात, टेबल टेनिसच्या एकेरीत दोन, हॉकीत एकच संघ. चीनमध्ये टेबल टेनिसचे जगज्जेते होऊ शकतील असे वीस जण असले तरी अठरा जण घरी बसून सामना बघणार. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू बर्नार्ड आणि मेगन बुसे यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदकांचा वाटा नुसत्या लोकसंख्येवरून नव्हे, तर लोकसंख्या आणि दरडोई उत्पन्न मिळून, म्हणजे देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेवरून चांगला सांगता येतो असं दाखवलं. यजमानपदाचा फायदाही त्यात वेगळा दिसतो. फ्रान्सचंच बघा: टोकियोत ३३ पदकं, घरच्या मैदानावर ६४.

आणि वजनं ठरण्याच्या आधीच एक निवड झालेली असते: खेळ कोणते ठेवायचे. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारत २६ सुवर्णांसह तिसरा होता. त्यातली सात नेमबाजीची. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या आयोजकांनी नेमबाजी ठेवलीच नाही. भारताची सुवर्णं २२ आणि क्रमांक चौथा. ऑलिंपिकमध्येही तेच. पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. त्या अंतराची पुरुषांची प्रोन (पोटावर झोपून नेम धरण्याची) स्पर्धा रिओनंतर काढून टाकलेली आहे.

२०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये क्रिकेट येतंय, पुरुषांचं एक आणि महिलांचं एक. देशभर कितीही दर्जेदार क्रिकेटपटू असले तरी त्यातून भारताला दोनच सुवर्णं मिळू शकतात. त्याच ऑलिंपिकमध्ये जलतरण तलावातले प्रकार ३५ वरून ४१ होणार आहेत.